सामान्य बुद्धी : गणित आणि अनुमान

बुद्धिमापनाच्या चर्चेत दोन प्रश्नांची सरमिसळ वारंवार आढळते. निरनिराळ्या कसोट्यांवरील गुणांचे परस्परांशी नाते कोणते, हा पहिला प्रश्न. त्या नात्याचे कारण कोणते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गणित देते. दुसऱ्याचे उत्तर गणित एकट्याने देऊ शकत नाही.

१९०४ साली चार्ल्स स्पिअरमन यांनी भिन्न विषयांतील प्रावीण्यांत धन सहसंबंध असल्याचे दाखवून सामान्य व विशिष्ट अशा दोन घटकांचा सिद्धान्त मांडला. सहसंबंधाचा हा पुरावा आजही अबाधित आहे. परंतु पुढे त्यांनी सामान्य घटकास मानसिक ऊर्जेचे रूप दिले, तेथे अनुमान पुराव्याच्या पुढे गेले. १९१६ साली गॉडफ्रे थॉमसन यांनी फासे टाकून काल्पनिक कसोट्यांचे गुण सिद्ध केले. त्यांत सर्वांना समान असा एकही घटक नव्हता. तरीही स्पिअरमन यांना अभिप्रेत असलेली सहसंबंधांची उतरंड त्यांतून निर्माण झाली. १९३८ साली थर्स्टन यांनी सामान्य घटकाऐवजी सात प्राथमिक क्षमता मांडल्या. मात्र त्याही परस्परसंबद्ध निघाल्याने सामान्य घटक वरच्या पातळीवर पुन्हा प्रकटला. तात्पर्य, सामान्य घटक हे वर्णनाचे उपयुक्त साधन होय. तो मेंदूत वसणारा पदार्थ आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

बुद्ध्यंकाचा अर्थही तुलनेच्या समूहावर अवलंबून असतो. म्हणूनच व्ही. व्ही. कामत यांना मराठी व कानडी मुलांसाठी बिने-मापनाचे रूपांतर करावे लागले. त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. काळही प्रमाणके बदलतो : १९५२ ते १९८२ या अवधीत नेदरलँड्समधील तरुणांचे गुण सुमारे २० अंकांनी वाढल्याचे जेम्स फ्लिन यांनी १९८७ साली दाखविले.

हा विवेक केवळ तात्त्विक नव्हे. कसोटीची विश्वसनीयता ०.९१ व प्रमाण विचलन १५ असल्यास मापनाची प्रमाण त्रुटी ४.५ येते. अशा कसोटीवर ७४ गुण मिळविणाऱ्या मुलाचा खरा गुण सुमारे ६५ ते ८३ यांमध्ये कोठेही असू शकेल. ७० ही सीमारेषा मानून त्याचे वर्गीकरण करणारा परीक्षक एका अंकाच्या आधारे त्याच्या शिक्षणाची दिशा ठरवीत असतो. साहाय्याची गरज असलेली मुले ओळखावीत, यासाठी आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली सिमों यांच्यासह आपली कसोटी रचली. आणि बुद्धी अचल असते या मताचा १९०९ साली त्यांनी स्वतःच निषेध केला. त्यांच्या साधनाचा स्वीकार करताना ही मर्यादाही स्वीकारणे अगत्याचे आहे.