कॅथरिनची प्रहरपोथी

युरोपातल्या मध्ययुगीन चित्रित पोथ्यांचा विषय निघाला, की पहिले नाव घेतले जाते ते बेरीच्या ड्यूकच्या पोथीचे. तिचा सारा थाट राजवाड्याचा. येथे जिच्याविषयी लिहावयाचे आहे ती पोथी इतकी मिरवणारी नाही. पण संसारी माणसाला ती अधिक जवळची वाटावी. गेल्डर्सची डचेस, क्लीव्हजची कॅथरिन, हिच्यासाठी 1440 च्या सुमारास ती उट्रेख्ट येथे चितारली गेली. चित्रकाराचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. या पोथीवरूनच त्याला 'कॅथरिनचा चित्रकार' असे ओळखतात.

असल्या पोथीचे लॅटिन नाव 'होरे', म्हणजे प्रहर. आपल्या ज्योतिषातला 'होरा' हा शब्दही त्याच ग्रीक मुळाचा. दिवसरात्रीचे आठ भाग करावयाचे आणि प्रत्येक भागाची प्रार्थना वेळेवर म्हणावयाची, हा तिचा नेम. या पोथीत वारांचाही क्रम आहे: सोमवार मृतांसाठी, शुक्रवार क्रूसाचा, शनिवार मेरीचा. आपल्याकडेही वार देवांना वाटून दिलेले आहेतच. थोडक्यात, ही पोथी बघावयाची नव्हे, पाळावयाची आहे. उंची जेमतेम 19 सेंटिमीटर. हातात मावावी एवढीच.

त्या एवढ्याशा पानावर चित्रकाराने काय काय मांडले आहे! एका चित्रात जोसेफ लाकडावर रंधा मारतो आहे, मेरी मागावर बसली आहे, आणि बाळ येशू पांगुळगाडा ढकलीत चालला आहे. देवाच्या मुलाला पांगुळगाडा! सुताराच्या घरी दुसरे काय असणार? दुसरीकडे नरकाचे तोंड आहे: जबड्याच्या आत जबडा, आणि त्यात जीवांना लोटणारे सैतान. पानांच्या कडांना तर अवघा बाजार भरला आहे. संत ग्रेगरीभोवती नाणी, संत बार्थोलोम्यूभोवती वेटोळी बिस्किटे, कॉर्नेलियस आणि सिप्रियन या जोडीभोवती पक्ष्यांचे पिंजरे. संत अँब्रोजच्या पानाला शिंपल्यांची चौकट आहे आणि तळाशी एक खेकडा. संताशी शिंपल्याचे नाते काय, हे खोदीत बसण्याचा हट्ट मला रसिकाचा वाटत नाही. चित्रकाराला शिंपल्याच्या अंगची ती काळसर निळी झाक आवडली आहे, हे पान सांगतेच. जे डोळ्यांना आवडले ते देवापुढे ठेवावे, याहून निराळी भक्ती कोणती?

पोथीची मालकीण मात्र सुखी नव्हती. 1417 साली जन्मलेल्या कॅथरिनचे लग्न 1430 मध्ये, म्हणजे तेराव्या वर्षी, गेल्डर्सच्या आर्नोल्डशी झाले. पुढे नवराबायकोत फाटले. 1465 मध्ये त्यांचा मुलगा अ‍ॅडॉल्फ याने बापाला कैदेत टाकले, तेव्हा आई मुलाच्या बाजूला होती. ज्या घरात असे घडणार होते, त्याच घरातल्या पोथीत माग, रंधा आणि पांगुळगाडा असावेत, हे मनाला लागून राहते. पोथीच्या आरंभी कॅथरिन हाती प्रार्थनेचे पुस्तक घेऊन मेरीपुढे गुडघे टेकून बसली आहे. कडेला तिच्या पूर्वजांची कुलचिन्हे आहेत. एका चित्रात ती दानही वाटते आहे. कुलाचा अभिमान आणि मनाची नम्रता एकाच पोथीत नांदतात.

आता नंतरच्या मालकांची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पोथी पॅरिसच्या व्यापारात आली आणि तेथे तिची पाने सुटी करून, इकडची तिकडे लावून, तिच्या दोन पोथ्या करण्यात आल्या. दोन्ही आपापल्या जागी पुऱ्या वाटाव्यात अशा बेताने. यातला एक भाग आरेनबर्गच्या ड्यूक घराण्याकडे गेला. पुढे तो ग्वेनॉल संग्रहात आला. दुसरा अभ्यासकांच्या नजरेआड राहिला तो 1963 पर्यंत. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयाने तो विकत घेतला, आणि 1970 मध्ये पहिलाही मिळवला. शंभरांहून अधिक वर्षांनी दोन्ही भाग एका छपराखाली आले.

कोणी म्हणेल, व्यापाऱ्याने पोथी जाळली तर नाही. पैसे मोजणारे होते म्हणूनच ती टिकली. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण वाटणीत काय तुटले तेही पाहावे. गुडघे टेकलेली डचेस आणि नरकाचे तोंड एका भागात गेले. माग, पांगुळगाडा, शिंपले दुसऱ्यात. पहिला भागच ज्याच्यासमोर होता, त्याला या चित्रकाराचे घर दिसलेच नव्हते. भय आणि वात्सल्य एकाच हाताने रंगवले होते. बाजाराने त्यांची फारकत केली. चित्र एकेकटे सुंदर असते, पण पोथीचा अर्थ पानामागून येणाऱ्या पानात असतो. सोमवारचे पान शनिवारच्या पुढे लावले, तर रंग तोच राहतो, नेम मोडतो.

म्हणूनच 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राझिलर प्रकाशनाने काढलेल्या आवृत्तीचे मोल मोठे आहे. जॉन प्लमर या अभ्यासकाने पानांचा मूळ क्रम शोधून काढला, आणि उरलेली 157 चित्रे त्या क्रमाने वाचकापुढे आली. तक्रार एकच: भर चित्रांच्या पानांवर आहे, प्रार्थनेची नुसती अक्षरे असलेली पाने मागे पडली. व्यापाऱ्याने पोथी आडवी कापली, आपण रसिकांनी ती उभी कापली, असे म्हणावेसे वाटते. तरीही क्रम लागला हे थोडके नव्हे. हे पुस्तक कोठे हाती आले, तर पांगुळगाड्याचे चित्र मुलांना अवश्य दाखवावे; मात्र तेवढ्यावर न थांबता त्याच्या मागचे आणि पुढचे पानही उलटावे.