'अलबेला'चा ठेका

बोरीस मध्यंतरी एका वरातीत बँडवाल्यांनी 'भोली सूरत' वाजविण्यास आरंभ केला, तेव्हा मांडवाच्या कडेला बसलेले वृद्ध गृहस्थही मान डोलवू लागले. त्या मेळ्यात लांब नळी पुढेमागे सरकविणारा एक ट्रॉम्बोनवाला होता. ओळ संपताच तो एक खोल, घसरता हुंकार देई, आणि चाल झुलू लागे. त्या रात्री आम्ही १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटाची गीते पुन्हा लक्षपूर्वक ऐकली.

सी. रामचंद्र यांनी विलायती उडत्या चालींनी आपले संगीत बाटविले, हा आक्षेप 'शहनाई' (१९४७) पासून ऐकू येत आला आहे. तो घेणारांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पुणतांब्यास १९१८ साली जन्मलेले हे संगीतकार विनायकबुवा पटवर्धनांपाशी शिकलेले होते; तेव्हा त्यांनी जे उसने घेतले ते अज्ञानाने खचित नव्हे. जॅझमधील 'स्विंग' म्हणजे नुसती घाई नव्हे. तेथे मात्रेचे दोन भाग सारखे पडत नाहीत. पहिला लांबतो, दुसरा आखडतो, आणि वजन अपेक्षित जागेच्या किंचित पुढे-मागे येते. आमच्या ढोलकीवाल्यास ही गोष्ट शिकविण्याची गरज नाही. लावणीच्या फडात तो रोज तेच करीत आला आहे! म्हणूनच 'भोली सूरत' परकी वाटत नाही, व भगवानदादांचे ते सैल, आळसावलेले पाऊल तिच्यावर सहज बसते.

अमेरिकेत टॉमी डॉर्सी, ग्लेन मिलर यांसारखे ट्रॉम्बोनवादक असल्या मेळ्यांचे नायक झाले. मुंबईत तो मान ट्रंपेटवाल्याकडे गेला. गोव्यातील हळदोणे गावचे आंतोनियो शाविएर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे 'अलबेला'तील एका गीतात आपल्या मेळ्यासह पडद्यावरही दिसतात. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून आलेल्या अशा गोमंतकीय वादकांवाचून हे संगीत उभेच राहिले नसते. परंतु चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापण्याची चाल नव्हती. गायकाचे नाव, चित्रपटाचे नाव, फार तर संगीतकाराचे; ज्याच्या फुंकरीने ते गीत नाचले तो अनामिक. हा अन्याय आम्हांस चालींच्या उसनवारीपेक्षा पुष्कळ मोठा वाटतो.

सर्वच गीते सारखी उतरली आहेत असे नाही. 'मेरे दिल की घड़ी' मध्ये गंमत आहे, पण ती पहिल्या कडव्यातच सरते. 'शोला जो भड़के' चा बोंगो कानास गोड लागतो. मात्र तेथे ठेका पुढे आणि चाल मागे, असे थोडे झाले आहे. उलट 'शाम ढले' ऐकावे: आरंभीची ती शीळ, मग लताबाईंचा निर्मळ स्वर, आणि त्यास चितळकर या नावाने गाणाऱ्या खुद्द संगीतकाराचा थोडासा खट्याळ, कच्चा आवाज. दोन्ही आवाज सारखे कमावलेले असते तर ही थट्टा साधली नसती. आणि याच संचात 'धीरे से आजा री' ही अंगाईही आहे. तिच्यात विलायती बडेजाव औषधालाही नाही.

वरातीतल्या त्या ट्रॉम्बोनवाल्यास आम्ही चिक चॉकलेटचे नाव विचारले. त्याने ते ऐकलेले नव्हते. ओळीच्या शेवटचा हुंकार आपण वडिलांकडून उचलला, एवढे मात्र त्याने सांगितले.