संघभेद आणि शिथिलतेचा आरोप

दुसऱ्या संगीतीविषयी आपल्याकडील व्याख्यानांत व लेखनात एक कथा वारंवार येते. वैशालीच्या वज्जिपुत्तक भिक्षूंनी दहा बाबतींत विनय शिथिल केला, सोने-रुपे स्वीकारले; थेरांनी त्यांचा निषेध केला; निषेधिलेले भिक्षू वेगळे झाले व त्यांचाच पुढे महासांघिक निकाय बनला. या कथेचा मुख्य आधार ‘दीपवंस’ हा होय. तो तपासून घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

चुल्लवग्गाच्या बाराव्या खंधकात ७०० भिक्षूंची सभा, दहा वस्तूंची चर्चा व त्यांचा निषेध एवढेच आहे. प्रकरण तेथेच मिटते. संघ फुटल्याचा उल्लेख नाही. फुटीशी त्याची सांगड घालणारा ‘दीपवंस’ सिंहलद्वीपातील महाविहाराच्या परंपरेतला, इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुमाराचा. अभयगिरीशी स्पर्धा असताना आपला वारसा निर्भेळ असल्याचे सांगण्याची महाविहारास गरज होती, हे विसरून चालणार नाही.

उलट बाजूचा पुरावाही उपलब्ध आहे. महासांघिकांचा विनय फाहियानास पाटलिपुत्रात मिळाला व इ. स. ४१६ ते ४१८ या काळात त्याचे चिनी भाषांतर झाले. वैशालीची हकीकत त्यातही आहे, आणि सोने-रुपे घेणे तेथेही निषिद्धच ठरते. ज्या शिथिलतेतून हा निकाय जन्मला असे म्हणतात, तिचा निषेध तो स्वतःच करतो!

महासांघिकांनी परिवार, अभिधम्माची सहा प्रकरणे, पटिसम्भिदा, निद्देस व जातकाचा काही भाग टाकून दिला, असाही ‘दीपवंसा’चा आरोप आहे. आधुनिक संशोधक या ग्रंथांपैकी बहुतेकांना पिटकाच्या उत्तरकालीन थरात घालतात. तेव्हा महासांघिकांनी ते टाकले, की त्यांच्यापाशी ते कधी नव्हतेच? ‘शारिपुत्रपरिपृच्छे’त तर विनयाचा विस्तार करू पाहणारे अल्पसंख्य व जुन्या विनयास धरून राहिलेले बहुसंख्य, ते महासांघिक, असे चित्र आहे. नॅटियर व प्रेबिश यांनी १९७७ मध्ये याच दिशेने केलेली मांडणी आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते.

निकायभेद म्हणजे वैर, हीही समजूत तपासावी. कार्ल्याच्या लेण्यात पुळुमावीच्या २४ व्या वर्षीचा लेख महासांघिकांच्या नावे दान नोंदवितो. तेथीलच चैत्याच्या एका स्तंभावर सोपाऱ्याच्या धर्मोत्तरीय भाणकाचे दान कोरलेले आहे. निकाय भिन्न, स्थान एकच.

वारसा पूर्वीच्या पंथांकडून घेण्यासही संघ लाजला नाही. अन्य तीर्थिक चतुर्दशी, पौर्णिमा-अमावस्या व अष्टमीस एकत्र जमून धर्म सांगतात, हे पाहून बिंबिसाराने सुचविले आणि भगवंतांनी तशी अनुज्ञा दिली, असे महावग्ग मोकळेपणाने सांगतो. उपोसथाचा उगम लपविण्याची त्यास गरज भासली नाही.

१९५६ नंतर आपल्या समाजात कोणता विधी शुद्ध, कोणता उसना, यावर पुष्कळ वाद झाले आहेत. मतभेदास भ्रष्टता म्हणण्याची घाई ‘दीपवंसा’ने केली, तिची पुनरावृत्ती आपण करू नये. शुद्धतेचा दावा करणाऱ्याचा ग्रंथ वाचावाच. पण ज्याच्यावर आरोप झाला, त्याचाही ग्रंथ उघडून पाहावा.