'मेमरीज ऑफ मर्डर': खुनी सापडल्यानंतर

बाँग जून-हो यांचा हा २००३चा चित्रपट उत्तराविना संपतो. तो बेतलाय दक्षिण कोरियातल्या ह्वासाँगच्या ग्रामीण भागात १९८६ ते १९९१ या काळात झालेल्या दहा खुनांवर. २०१९मध्ये जपून ठेवलेल्या पुराव्यांवरचा डीएनए जुळला आणि खुनी सापडला. तो दुसऱ्याच एका खुनासाठी जन्मठेप भोगत होता. खटल्याची मुदत मात्र २००६लाच संपली होती.

मग आता चित्रपट पाहायचा कशाला? मी पुन्हा पाहिला, तेव्हा 'कोण?' हा प्रश्न बाजूला पडला आणि पोलीसच जास्त दिसू लागले. संशयिताचा बूट चिखलात दाबून डिटेक्टिव्ह पार्क स्वतःच ठसा तयार करतो. मारहाण करून कबुलीजबाब पाठ करून घेतले जातात. पहिल्यांदा यातल्या काही प्रसंगांना मी हसलो होतो. प्रत्यक्षात आठव्या खुनासाठी एका निरपराध माणसाने सुमारे वीस वर्षं तुरुंगात काढली. २०२०मध्ये तो निर्दोष ठरला.

माझी तक्रार इथेच आहे. चित्रपटात विज्ञान म्हणजे अमेरिकेहून उशिरा येणारा, पण प्रामाणिक कागद. त्या माणसाविरुद्ध मात्र जबरदस्तीच्या कबुलीसोबत केसांच्या तपासणीचा प्रयोगशाळेतला अहवालही होता. म्हणजे चिखलातल्या ठशासारखाच कागदही खोटा निघू शकतो. इतका निर्दय चित्रपट ही शंका घेत नाही.

तरीही तो बघाच. शेवटी पार्क थेट कॅमेऱ्यात बघतो. ती नजर खुन्यासाठी होती म्हणतात. आज मला ती अहवालावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या आपल्यावर रोखलेली वाटते.