सजीवाचे एकपण

आधुनिक युरोपीय तत्त्वज्ञान शिकवताना आजही देकार्तचे द्वैत आधी येते, आणि मन शरीराला कसे हलवते या प्रश्नातच बराचसा अभ्यासक्रम संपतो. त्या काळाच्या विचारांचा खरा कस मात्र दुसऱ्याच प्रश्नावर लागला, असे मला वाटते: असंख्य कणांचे बनलेले जिवंत शरीर ‘एक’ कशामुळे होते?

देकार्तचे उत्तर तोकडे आहे. १६३७ मध्ये त्याने प्राण्यांना यंत्रांच्या रांगेत बसवले. जिवंत देह आणि प्रेत यांतला फरक त्याच्या लेखी चालू आणि मोडलेल्या घड्याळाइतकाच. पण घड्याळाचे एकपण ते बनवणाऱ्याच्या हेतूत असते, चाकांत नसते. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्ये त्याला पत्रातून विचारले, की ज्याला विस्तारच नाही तो आत्मा शरीराला गती देईल कसा? हा संयोग बुद्धीपेक्षा इंद्रियांना स्पष्ट कळतो, असे त्याने उत्तर दिले. तिचे समाधान झाले नाही, आणि होण्यासारखे ते उत्तरही नव्हते.

स्पिनोझाने देहाचे एकपण द्रव्यातून काढून संबंधांत ठेवले. भाग बदलले तरी त्यांच्यातले गती-स्थितीचे प्रमाण टिकते, तोवर शरीर तेच. ही झेप विलक्षण आहे. पण हाच नियम वर चढवत नेला की अख्खे विश्व एकच शरीर ठरते आणि दगड व झाड यांत केवळ तरतमभाव उरतो.

मार्गारेट कॅव्हेंडिशने १६६६ च्या ग्रंथात जडद्रव्यालाच गती आणि ज्ञान बहाल केले. आयुष्यभर तीव्र डोकेदुखी सोसलेल्या अ‍ॅन कॉनवेचा युक्तिवाद तर मला त्या शतकातला सर्वांत प्रामाणिक वाटतो: आत्मा आणि देह यांत काहीच समान नसेल, तर देहाच्या वेदनेने आत्म्याने का तळमळावे? तिचा ग्रंथ तिच्या मृत्यूनंतर, १६९० मध्ये ॲमस्टरडॅमला निघाला, तोही निनावी. आता या दोघींची नवी संपादने उपलब्ध आहेत. तरी त्यांना अनेकदा देकार्तच्या टीकाकार म्हणूनच वाचले जाते आणि सजीवांविषयीची त्यांची स्वतंत्र मांडणी मागे पडते, याची खंत वाटते.

सर्वांत खोल गेला तो लायब्निझ. त्याच्या मते माणसाने बनवलेले यंत्र सुटे केले की त्याचे भाग यंत्र राहत नाहीत. निसर्गाचे यंत्र सूक्ष्मातल्या सूक्ष्म भागातही यंत्रच असते. लेवेनहूकने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेले जीव त्याला या कल्पनेचा आधार वाटले. देहातल्या चिदणूंवर, म्हणजे मोनॅड या अविभाज्य चेतन घटकांवर, एका प्रमुख चिदणूचे आधिपत्य असते, असे तो म्हणे. पण आधिपत्याने समूह तयार होतो. त्यातून अवयवी, म्हणजे एकसंध पूर्ण, कसा घडावा? देस बॉस या जेझुइट विद्वानाशी झालेल्या पत्रव्यवहारात तो स्वतःच चिदणूंना सांधणारा वेगळा द्रव्यबंध चाचपून पाहतो. त्याचा हा अडखळलेला भाग मला ‘मोनॅडॉलॉजी’पेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

१७४० मध्ये हॉलंडमध्ये अब्राहम ट्रॅम्ब्लेने गोड्या पाण्यातला पॉलिप कापला आणि दोन्ही तुकड्यांतून पुरते जीव वाढले. प्रमुख चिदणू मग कोणत्या तुकड्यात गेला? ला मेत्रीने जडवादासाठी हाच प्रयोग हाती घेतला. पुढे १७९० मध्ये कांटने सजीवाचे भाग परस्परांची कारणे आणि कार्ये असतात, असे नेमके वर्णन केले. मात्र त्यातली हेतुमत्ता केवळ आपल्या निर्णयशक्तीला मार्गदर्शक म्हणून ठेवली. इथे त्याने हात आखडता घेतला, असे माझे मत आहे. तुकड्यातून वाढणारा पॉलिप आपले एकपण स्वतः घडवतो. ते पाहणाऱ्याच्या निर्णयावर का सोपवावे, याचे समर्पक कारण त्याच्या ग्रंथात मला सापडत नाही.