करडी नजर : ‘ग्रे शेड’ या शब्दाचा हिशेब



विषय ऐकून एक मित्र म्हणाला, “रंगावरच बोलायचं तर लाल घे, निळा घे. करड्यासाठी कोण येणार?” तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार.

माझी तक्रार एका शब्दाबद्दल आहे. हल्ली नाटकाचं किंवा सिनेमाचं कुठलंही परीक्षण उघडा, ‘ग्रे शेड’ भेटतेच. “नायकाला ग्रे शेड आहे”, “इथे कुणीच पूर्ण काळं नाही, कुणीच पूर्ण पांढरं नाही”. असं लिहिलं की लिहिणारा समंजस वाटतो. मीही हे केलंय. कॉलेजात असताना विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर निबंध लिहिला होता. शेवटचं वाक्य होतं, ‘या नाटकातली सगळीच माणसं करडी आहेत.’ निबंधाला बक्षीस मिळालं. आज ते वाक्य मला चुकीचं वाटतं. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

सुरुवात डोक्यावरच्या केसांपासून करू. कुणाचं डोकं करडं दिसायला लागलं की आपण म्हणतो, केस पिकले. पण जवळ जाऊन बघा. ती करडी छटा बहुतेक वेळा काळ्या आणि पांढऱ्या केसांच्या मिसळीतून आलेली असते. लांबून एकच रंग दिसतो, जवळून केस वेगळे मोजता येतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कॅमेरा. कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर एक गोष्ट गृहीत धरून चालतं, की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे. छायाचित्रकार यासाठी एक करडं कार्ड वापरतात. त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के परत फिरतो, आणि आपल्या डोळ्याला तो रंग काळ्या-पांढऱ्याच्या साधारण मध्यावर वाटतो. म्हणजे बघा, डोळ्याचा मध्य ५० वर नाही, १८ वर आहे!

तर या मीटरसमोर नुसता बर्फ धरा. मीटर म्हणतं, फार उजेड आहे, कमी करा. फोटोत बर्फ करडा येतो. आता काळी म्हैस चौकटभर धरा. मीटर म्हणतं, फार अंधार आहे, वाढवा. म्हैसही करडी येते. मीटर बिघडलेलं नाही. त्याला तेवढंच येतं. बर्फ पांढरा आणि म्हैस काळी आणायची, तर कॅमेऱ्यामागच्या माणसाला मीटरचं आकडं दुरुस्त करावं लागतं. ‘सगळेच करडे’ असं लिहिणारा समीक्षक मला या मीटरसारखा वाटतो. त्याच्या हातात खुनी द्या, संत द्या, दोघेही सारखेच करडे होऊन बाहेर येतात.

यावर कुणी म्हणेल, मग डोळ्यांवर विश्वास ठेवा. तेही तितकं सोपं नाही. पडद्यावर आत्ता जे चित्र आहे, ते एमआयटीतल्या एडवर्ड एडेलसन यांनी १९९५ मध्ये केलं. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, त्यावर एक नळकांडं उभं आहे आणि त्याची सावली पटावर पडली आहे. सावलीबाहेरचा हा गडद चौकोन आणि सावलीतला हा फिका चौकोन. दोन्ही हुबेहूब एकाच करड्या रंगाचे आहेत. विश्वास बसत नाही ना? घरी गेल्यावर बाकीचं चित्र कागदाने झाकून बघा.

याला आपण दृष्टिभ्रम म्हणतो, पण मेंदू इथे मूर्खपणा करत नाहीये. तो विचारतो, ‘या चौकोनावर प्रकाश किती पडलाय?’ सावलीत असूनही हा इतका उजळ दिसतोय, म्हणजे मुळात फिका असणार, असा त्याचा हिशेब असतो. मला वाटतं, समीक्षेचा पहिला प्रश्नही हाच असायला हवा.

चांगले कलावंत तो विचारतात. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. अशा अंगणात प्रकाश वरच्या आभाळातून, पसरून, मऊ होऊन येतो. दिव्यांचा थेट झोत टाकला असता तर जागोजागी कडक सावल्या उमटल्या असत्या. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्यावर मारले आणि परतलेल्या उजेडात चित्रण केलं. त्या अंगणातला मऊ करडेपणा असा आला. करडा रंग मिळवायला त्यांना प्रकाश नेमका कुठून येतो हे ठरवावं लागलं.

आता जड भागाकडे येतो. ‘करडा प्रदेश’ हा शब्द नैतिक अर्थाने रूढ करण्यात मोठा वाटा प्रिमो लेवी यांचा. इटालियन रसायनशास्त्रज्ञ, ऑश्विट्झमधून वाचलेले. १९८६ च्या त्यांच्या शेवटच्या पुस्तकात याच नावाचा निबंध आहे. छळछावणीतल्या काही कैद्यांना छावणीच्याच कामाला जुंपलं होतं. काहींना तर मृतदेह जाळण्याच्या भट्ट्यांवर. त्यांचा न्याय कसा करायचा? लेवी म्हणतात, घाई करू नका, त्यांच्यावर केवढी सक्ती होती ते आधी बघा. म्हणजे सावली बघा. पण त्याच निबंधात, खुनी आणि बळी यांची सरमिसळ करायला ते ठाम नकार देतात. ज्यांनी ती व्यवस्था उभारली, मोठा दोष त्यांचा. आपण मात्र त्यांचा शब्द उचलला आणि हा नकार मागे ठेवला.

आता माझ्या निबंधाकडे. ‘सखाराम बाइंडर’ १९७२ चं. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना सखाराम घरी आणतो. पहिल्याच दिवशी अटी सांगतो, देवाधर्माचं ढोंग करत नाही. मारतो, पण ‘फसवत नाही’. माझ्या निबंधात याचं मोठं कौतुक होतं. लक्ष्मी देवभोळी, पण चंपाची चुगली करणारी. चंपा तोंडाळ, दारू पिणारी. म्हणून लिहून टाकलं, सगळेच करडे.

मी एक प्रश्न विचारला नव्हता. घर कुणाचं? अटी सांगणाऱ्याकडे छप्पर आहे, ऐकणारीकडे नाही. सखारामचा रोखठोकपणा भर उजेडातला आहे, त्याला तो परवडतो. चंपाची दारू आणि लक्ष्मीची चुगली, दोन्ही सावलीतल्या आहेत. लक्ष्मीला त्या घराबाहेर जागाच उरलेली नाही. याने तिची चुगली निर्मळ होत नाही, आणि शेवटी चंपाचा खून झाल्यावर ती जे करते तेही नाही. पण गळा सखारामने दाबला. तिघांना एकच छटा देऊन मी समंजसपणा दाखवला नव्हता. मोजायचं काम टाळलं होतं.

तेंडुलकरांनी ते टाळलेलं नाही. प्रत्येक केस त्यांनी वेगळा दाखवलाय. लांबून बघत होतो मी.

आणि हे फक्त नाटकापुरतं नाही, मंडळी. एखाद्या बाईने तक्रार केली की आपण म्हणतो, “दोन्ही बाजू असतात.” असतात ना! पण दोन बाजू असणं आणि दोन्ही सारख्या असणं, यात फरक आहे. कुणाच्या हातात काय होतं, कुणाला नाही म्हणणं शक्य होतं, हे विचारल्यावरच त्या वाक्याला अर्थ येतो.

व्युत्पत्तीत न शिरता, शेवटी आपल्याच भाषेतली एक गंमत सांगतो. मराठीत करडा म्हणजे राखेसारखा रंग, आणि करडा म्हणजे कडकही. करडी शिस्त, करडी नजर. ‘ग्रे शेड’ लिहिताना आपल्याला पहिला अर्थ आठवतो. यापुढे दुसराही आठवावा, एवढीच विनंती. नजर करडी असेल, तरच करड्यातला फरक दिसतो.