'ड्रम अँड बेस'चे पोटभेद

नव्वदच्या दशकात लंडन व ब्रिस्टल येथे वाढलेल्या 'ड्रम अँड बेस' संगीताचे पोटभेद मोजू गेल्यास बोटे अपुरी पडतात. वकिली पेशामुळे वर्गीकरणाची आम्हांस खोड. तरीही यांतील पुष्कळशी नावे दुकानावरच्या पाट्यांहून अधिक काही नाहीत, असे आमचे मत झाले आहे. काही भेद मात्र खरे. मिनिटाला सुमारे १७० ठोक्यांची गती तीच, पण एल.टी.जे. बुकेम तिच्यावर असे संथ, तरंगते स्वर पसरतो की ऐकणाऱ्यास घाई जाणवतच नाही. उलट एड रश व ट्रेस यांच्या 'टेकस्टेप'मधून माधुर्य हद्दपार झालेले. खर्ज करवतीसारखा चिरत जातो. ही कठोरता आम्हांस प्रथम रुचली नाही. पुन्हा ऐकता तिच्यातील शिस्त उमगली. 'जंप-अप'विषयी न लिहिलेलेच बरे.

या साऱ्यांच्या, विशेषतः 'जंगल'च्या, बुडाशी एक कर्ज आहे. 'द विन्स्टन्स'च्या 'आमेन, ब्रदर' (१९६९) या ध्वनिमुद्रिकेत ग्रेगरी कोलमनने जेमतेम सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम वाजविला. तेवढाच तुकडा कापून, गती वाढवून, उलटसुलट जोडून ही इमारत उभी राहिली. कोलमन २००६ साली वारला. त्यास यापोटी पैही मिळाली नव्हती. २०१५ साली रसिकांनी वर्गणी करून सुमारे २४,००० पौंड दिले, ते गटप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना, कारण स्वामित्वहक्क त्यांच्याकडे होता. कायद्याने धनको योग्यच ठरला. तथापि कोलमनचा तो ठेका कानी पडला की आम्हांस हा निवाडा पटत नाही.